विहिरीचा प्रवेश

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सांगायला बसलो, की मी त्या शिबिराचाच इतिहास सांगत राहतो. कसं सुरू झालं, किती गाजलं. आणि नेमकं जे सांगायचं, ते राहून जातं. आज तसं करणार नाही. निदान प्रयत्न करतो.

नव्वदीच्या दशकात जुन्नरला तरुण दिग्दर्शक घडवायची एक योजना सुरू झाली, तेच हे शिबिर. जुन्नर-आंबेगावातली निवडक पोरं दर रविवारी एका शाळेच्या हॉलमध्ये जमायची. पुण्याहून एक जाणते दिग्दर्शक यायचे, आम्ही त्यांना सर म्हणायचो. वर्षाच्या शेवटी प्रत्येकानं स्वतःची एकांकिका बसवायची आणि त्यातून सर आपला सहायक निवडणार. मी आंबेगावातल्या निरगुडसर गावचा. ती निवड मला हवी होती — किती हवी होती, हे आज आठवलं तरी अंगावर काटा येतो.

आमच्यात एकच बाई होती, कुसुमताई. डोंगराकडच्या गावातली सून, बालवाडीत शिकवायची. घरच्यांनी कसंबसं येऊ दिलं होतं. माझ्याहून चांगली दिग्दर्शक होती. हेही मी कधी कबूल केलेलं नाही.

एका रविवारी सरांनी हॉलचं दार लावून घेतलं. प्रत्येकानं आपली सर्वांत मोठी भीती सांगायची, ती या दाराबाहेर जाणार नाही. मी काहीतरी सापाचं सांगितलं. मग कुसुमताई खाली बघत बोलली. तिची थोरली जाऊ विहिरीत पडून गेली होती. पडली, असं गाव म्हणत होतं. कुसुमताईनं गोठ्यातून पाहिलं होतं — थोरल्या दिरानं ढकललं ते. मग तो घरात आला, हात धुतले आणि तिलाच म्हणाला, "चहा टाक." तिनं टाकला. पोलीस आले तेव्हा "पाय घसरला" असंही तिनंच सांगितलं. पदरात लेक होती, त्याच घरात राहायचं होतं.

आणि मी? मी त्या क्षणी तिचं दुःख ऐकत होतो का? नाही. मला माझं नाटक सापडलं होतं.

नावं बदलली, गाव बदललं. विहीर ठेवली. चहा ठेवला.

प्रयोगाच्या संध्याकाळी कुसुमताईचीही एकांकिका होती, त्यामुळे तिच्या सासरची माणसं आली होती. माझा पडदा उघडायच्या आधी ती विंगेत आली. रंगीत तालमीत तिनं सगळं पाहिलं होतं, तरी माझ्याशी एका शब्दानं भांडली नव्हती. आताही आवाज चढवला नाही.

"भाऊ, थोरलं दीर आल्यात. तेवढा हिरीचा परवेश काढा. बाकीचं ऱ्हाऊ द्या."

मी म्हणालो, "काढतो, ताई. तुम्ही काळजी करू नका."

ती गेली. मी पडद्याच्या फटीतून पाहिलं. तो दीर दुसऱ्याच रांगेत बसला होता, पांढरी टोपी, मांडीवर कुसुमताईची लेक. त्याच्या पुढच्या रांगेत सर. कलाकार माझ्या शेजारीच उभे होते. एक वाक्य बोलायचा अवकाश होता. तो प्रवेश काढला तर नाटकात उरतं काय — एवढंच माझ्या मनात आलं. मी पडदा उघडायला सांगितला.

आजवर मी सगळ्यांना सांगत आलो, की ते लोक आलेत हे मला ठाऊकच नव्हतं.

नटानं हात धुतले. "चहा टाक" म्हणाला. मी फटीतून त्या दिराकडेच बघत होतो. त्याचा चेहरा हलला नाही, फक्त मांडीवरच्या पोरीला त्यानं जवळ ओढून घेतलं.

प्रयोग संपल्यावर तो आत आला. माझ्या खांद्यावर हात ठेवला, हसला.

"नाटक लई भारी झालं, राव. ते च्या टाकायचं कुठनं सुचलं?"

सुचलं असंच — इतकंच म्हणायचं होतं. पण तो हात उचलत नव्हता. मी म्हणालो, "कुसुमताईंकडून ऐकलं."

"आसं व्हय," तो म्हणाला. आणि हात उचलला.

पुढच्या रविवारी ती आली नाही. तिला माहेरी धाडलं होतं, लेक ठेवून घेतली होती. तोंड उघडलं तर पोरगी दिसायची नाही, असं बजावून. विहिरीपाशी काय घडलं ते हॉलमधल्या आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं, पण पोलिसांकडे कुणी गेलं नाही. मीही नाही. सरांनी मला सहायक केलं. सर थकल्यावर योजना मीच चालवली, कितीतरी वर्षं. सत्कार घेतले.

नंतर एकदाच ती भेटली, जुन्नरच्या स्टँडवर. केस पिकले होते. मी तोंड फिरवणार, तेवढ्यात तिनं ओळखलं.

"शिबिर चालू हाय का, भाऊ?"

"चालू आहे."

"बाया येत्यात का आता?"

तिच्यानंतर आजूबाजूच्या एकाही गावानं आपली लेक किंवा सून पाठवली नव्हती. मी म्हणालो, "येतात की. पुष्कळ येतात."

तिला बरं वाटलं. ती एसटीत चढली.