राजाचं तोंड

मालेगावचा तो मुखवटेवाला बोलण्याआधी समोरच्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवायचा. शाळेतल्या पोरांसाठी आम्ही मास्तरांनी नाटक बसवलं, मुखवटे त्याचे. जुलमी राजा मी. राज्यात हसायला बंदी. मुखवट्यातून दिसतंय कुणाला! "हसाल तर फटके!" असं गरजत मी थेट पहिल्या रांगेतल्या पोलीस जमादाराच्या मांडीवर कोसळलो. पोरं खदखदली, जमादारही. मग तो एकदम ताठ उभा राहिला, तसा मी घसरून त्याच्या पायाशी पालथा पडलो.

"हा राजा म्हंजे इंग्रज सरकार का रे? बंद करा नाटक!"

मुखवटेवाला पडद्यामागून पुढे आला. त्यानं चक्क जमादाराची हनुवटी धरली.

"सरकारचं मले मालूम नाही, साहेब. पन हे तोंड त्या राजाच्या शिपायाचं नाही. तुमाले आत्ताच हसू आलं ना!"

जमादार हळूच बसला. तसाच पडल्या पडल्या मी गरजलो, "हसाल तर फटके!"

पहिला तोच हसला.