पाटाची साक्ष

दिरांचा वकील कोर्टात तिला 'सदर बाई' म्हणायचा. 'पत्नी' हा शब्द कधी तोंडातून काढला नाही, आणि सगळा दावा त्याच शब्दावर अडला होता. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन तिचा नवरा गेला. त्या वर्षांत असे बरेच गेले. तेरवी उरकताच दिरांनी वावरातला तिचा हिस्सा नाकारला. का, तर हिचा पाट लागला होता, आणि पाट म्हणजे लग्न नव्हे. पाट म्हणजे विधवेचा पुनर्विवाह, आमच्या समाजातली पूर्वापार चाल. बाई आमच्याच समाजातली, मी तिचा वकील. ही चाल सिद्ध झाली तर वावर तिचं. नाही तर तिनं माहेरी जायचं, आणि माहेरी कोणी उरलं नव्हतं.

साक्षीदार मिळेना. जाणती म्हातारी माणसं एक तर वारली होती, नाही तर दिरांच्या धाकात होती.

माझं ऑफिस यवतमाळच्या घरातच, पुढच्या खोलीत. आई आतून सगळं ऐकायची. एका दुपारी बाई गेल्यावर ती पदराला हात पुसत बाहेर आली.

"मले उभी कर. माहा बी पाटच लागला होता."

मला ते ठाऊक नव्हतं असं नाही. पण वडील सरकारी कचेरीतले, मी वकील, बायको प्राध्यापकाची मुलगी. आईचं आधी एक लग्न झालं होतं हा विषय आमच्या घरात बंदच होता. "कोर्ट म्हणजे काय बोरी अरबचा बाजार आहे?" म्हणून मी तिला उडवून लावलं आणि पुढच्या तारखेला साक्षीदार आजारी असल्याचा अर्ज दिला. साक्षीदार तेव्हा स्वयंपाकघरात ठणठणीत बसून तुरीची डाळ निवडत होती.

पेरणी तोंडावर आली. न्यायाधीश म्हणाले, ही शेवटची संधी. तेव्हा कुठे मी आईचं प्रतिज्ञापत्र केलं. टायपिस्टला दिलं नाही, दार लावून स्वतः टाईप केलं. त्यात होतं ते एवढंच: अंधार पडल्यावर चार म्हाताऱ्यांनी पाटावर बसवलं, नारळ फोडला, नवऱ्यानं गळ्यात काळ्या मण्यांची पोत बांधली. मला लाज वाटत होती. आईची लाज वाटते म्हणून स्वतःचा रागही येत होता, पण लाज काही कमी होत नव्हती.

उलटतपासणी ऐकायला बाररूममधले वकील येऊन बसले.

"वाजंत्री होती?"

"नाही."

"सप्तपदी?"

"नाही जी."

"म्हणजे बाई, तुमचा हा मुलगा औरस की..." वाक्य दिरांच्या वकिलानं हसून तसंच सोडलं.

असल्या प्रश्नावर परक्या बायांसाठी मी टेबल आपटलेलं आहे. त्या दिवशी फायलीत मान घालून बसलो. प्रश्न शेवटी न्यायाधीशांनीच नाकारला. आई तरी बोललीच, "याच्या बापानं चारचौघांत माह्या गळ्यात पोत बांधली, साहेब. आमच्यात त्यालेच लगन म्हंतेत."

निकाल पुढे बाईच्या बाजूनं लागला, वावर तिला मिळालं. साक्षीच्या दिवशी मात्र ऑटोत बसल्याबरोबर आईनं विचारलं, "काहून रे बाबू, मी का लबाड बोलली?"

"नाही."

"मंग तू खाली मान घालून काहून बसला होता?"

ऑटोवाला ऐकत होता. मी तिला म्हणालो, "आई, जरा हळू बोल."