मेल्यावरचा करंट

आखातातल्या बरका गावच्या कत्तलखान्यात शीतगृहाच्या दुरुस्तीला जात होतो, तेव्हा तो रोज दिसायचा. रत्नागिरीकडचा, पन्नाशी उलटलेला, गुडघ्यांवर हात देऊन उठणारा. नाव मी कधी विचारलं नाही. म्हाताऱ्या उंटाचं मांस चिवट असतं, म्हणून हलाल करून रक्त निथळलं की टांगलेल्या धडाला चिमटा लावून करंट द्यायचा, हे त्याचं काम. मेलेलं जनावर पाय झाडायचं. करंट बंद केल्यावर तो उंटाच्या मांडीवर तळहात ठेवून उभा राहायचा, शेवटची थरथर थांबेपर्यंत.

एकदा बाहेर सावलीत चहा पिताना मी विचारलं, “करंटनं होतं काय नक्की?”

“अंगात उरलेली ताकद संपते, साहेब. मग मांस मऊ पडतं.”

“आणि हात कशाला ठेवता?”

तो कपात बघत राहिला. “आयुष्यभर ओझी वाहिलेली असतात त्यानं. खलास, आता उठायचं नाही, हे कुणीतरी सांगायला नको?”

तेवढ्यात मुकादम कामाला लागा म्हणून दारातून ओरडला, “यल्ला, यल्ला!”

माझ्या शेजारी बसल्या जागी त्याचा पाय झटक्यानं उडाला. त्याच्याबरोबर माझाही.