मातीला लागणारे दिवस

मुलीचा जर्मनचा क्लास भवानी पेठेत होता. नर्सिंग झालेल्या चौदा मुली, सगळ्या जर्मनीतल्या वृद्धाश्रमांत नोकरीला जाण्यासाठी शिकत होत्या. भाषेबरोबर तिथली रीतही कळावी म्हणून मॅडम दर शनिवारी इंटरनेटवर काहीतरी शोधायला लावत. एका शनिवारी काम मिळालं: तिथल्या एखाद्या गावच्या वर्तमानपत्राच्या साइटवर निधनाच्या जाहिराती वाचा, मृत्यू आणि दफन यांत किती दिवस गेले ते मांडा, शेजारी आपल्या घरची रीत लिहा.

तक्ता मी आखून दिला. मुलीनं वीस जाहिराती काढल्या. कमीत कमी पाच दिवस, जास्तीत जास्त सोळा.

"एवढे दिवस?" बायकोनं पलंगावरून विचारलं. तिचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू होतं.

"लांबच्यांना यायला जमावं म्हणून. थंड खोलीत ठेवतात," मुलगी म्हणाली.

"बरंय की. आपल्यात दिवस मावळायच्या आत माती. भांडायलासुद्धा कुणी पोचत नाही."

मुलगी हसली नाही. आम्ही लिंगायत; आमच्यात माणसाला बसवून पुरतात, आणि अंग ताठायच्या आत बसवावं लागतं. घरातल्या मागच्या सहा मयती मी आठवून लिहिल्या. सहाही त्याच दिवशीच्या.

"अप्पा, माझ्यासाठी किती थांबाल?"

विमानानं हैदराबाद, तिथून पाच तास गाडी, असा मी हिशेब केला. "दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत," म्हणालो.

मुलगी जर्मनीला नोकरीवर रुजू झाली. दुसऱ्या उन्हाळ्यात एका सकाळी सातला बायको गेली. मुलीला कळवलं, ती मिळेल त्या विमानानं निघाली. तोवर बायकांनी बायकोला भिंतीशी बसवलं होतं. मी सगळ्यांना सांगितलं, उद्या दुपारी. आणि बर्फाची पेटी मागवली.

पेटीवाल्यानं आत डोकावून पाहिलं. "सायेब, ही झोपवायची पेटी हाय. आता ह्यास्नी सरळ करता येणार न्हाय."

दुपारी तीनला घरात बेचाळीस अंश होते. थोरल्या भावानं मला बाजूला घेतलं. "बसवलेल्या बाईला उद्यापर्यंत या उन्हात ठेवतोस? पोरीला काय दाखवणार आहेस तू?"

दोन वेळा मी नाही म्हणालो. तिसऱ्यांदा गप्प बसलो. सहा वाजून वीस मिनिटांनी माती झाली. मुलगी तेव्हा विमानात होती.

पहाटे हैदराबादला उतरून तिनं फोन केला. "अप्पा, गाडीत बसतेय. आई आहे ना अजून?"

"ये तू," मी म्हणालो.

ती दहाला पोचली. अंगण धुऊन झालं होतं. पाठीवरची पिशवी न काढता ती सरळ आत गेली, तिन्ही खोल्या पाहून बाहेर आली.

"मी फोन केला तेव्हा झालं होतं?"

"हो."

तिनं थोरल्या भावाकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. "काका, कुठं पुरलंय ते तुम्ही दाखवा," म्हणाली, आणि चपला घातल्या. मी उठलो तेव्हा तिनं हातानंच मला बस म्हणून सांगितलं.