सरबत

‘ऊठ रे. तुजी पंगत ही नाय.’

पाटील एवढंच म्हणाला. आवाजही चढवला नाही. मी उठलो. वाढलेली थाळी तशीच टाकून उठलो. शेजारी माझी बायको भागी बसली होती. ती उठली नाही.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. आमचा महारवाडा डोळखांबच्या बाजूला, गावाबाहेर. पाटलाचं गवत कापायचं, भारे बांधायचे, ट्रकमध्ये चढवायचे, हे आम्हा दोघांचं काम. त्या दिवशी भारे घेऊन आटगावजवळ आग्रा रोडला गेलो होतो. पाटीलही बरोबर होता. ट्रकवाल्या म्हाताऱ्या सरदारजींनी आपल्या गॅरेजमागे पत्र्याच्या खोलीत गुरुद्वारा केला होता. त्यांच्या गुरूंचा जन्मदिवस होता. जेवून जा म्हणाले. पाटलाला म्हणाले, तेच आम्हाला.

आत मूर्ती नव्हती. उंचावर ग्रंथ उघडलेला. एकजण त्यावर चवरी ढाळत होता. सगळ्यांची डोकी झाकलेली. आम्ही सवयीनं दाराशी, चपलांजवळ बसलो. सरदारजींनी दंडाला धरून पुढं नेलं. मग सगळे हात जोडून उभे राहिले, प्रार्थना झाली. शेवटी कानावर आलं, ‘सरबत दा भला.’

भागी पदराआडून कुजबुजली, ‘अवो, सरबत पन देतात वाटतं.’

सरबत नव्हतं, शिरा होता. गावात आमच्या ओंजळीत सगळं वरून पडायचं. सरदारजींची बोटं माझ्या हाताला लागली. मी दचकून हात मागं घेतला. शिरा सांडला. त्यांनी खाली वाकून उचलला आणि मला पुन्हा दिला.

मग पंगत बसली. पाटील पाय धुऊन मागून आला. मोकळी जागा नेमकी माझ्या शेजारी होती.

मी उठलो तेव्हा सरदारजी डाळ वाढत होते. पाटलाकडं न बघता म्हणाले, ‘यहाँ पंगत एक ही है. बैठ जा, बेटा.’ भागी खाली मान घालून म्हणाली, ‘बसा ना.’

मला बसता आलं नाही. मी बाहेर जाऊन ट्रकला टेकलो. पाटीलही न जेवता बाहेर आला. आत भागी एकटी जेवली. सावकाश, पोटभर.

दुसऱ्या दिवशी चावडीवर बोलावणं आलं. मी हात जोडून म्हणालो, ‘मी उठलो व्हतो, पाटील. तीच बसली.’

माझे शब्द. कुणी मारून वदवून घेतले नव्हते.

भागीला नाक घासायला सांगितलं. ती ताठ उभी राहिली. म्हणाली, ‘बोलावलं, जेवले. परत बोलावलं तर परत जाईन.’ आमचं काम तुटलं. आम्ही मुरबाडकडं वीटभट्टीवर गेलो.

पुढं भट्टीवर आलेल्या एका सरदार ड्रायव्हरनं मला अर्थ सांगितला. सरबत म्हणजे सगळे. सगळ्यांचं भलं होऊ दे, असं ते रोज मागतात. मी भागीला सांगितलं. विटा रचता रचता ती थांबली.

‘सगळ्यांचं म्हंजे आपलं पन. मंग तुमी उठलात कशाला?’

आयुष्यात एकदाच विचारलं तिनं. मी पुढची वीट तिच्या हातात दिली. ती गेली त्याला बारा वर्षं झाली.

आता वस्तीतली पोरं सभेत सांगतात, बाबा पाटलाला न जुमानता पंगतीत बसून राहिले. मला हार घालतात. मी घालून घेतले. दरवेळी मान पुढं केली.

येत्या रविवारी पुन्हा सभा आहे. हार आला की मी हातानं अडवणार. बसल्या जागीच माइक मागून घेणार. मी उठलो होतो, भागी बसली होती, हे सगळ्यांसमोर सांगणार. चावडीवर काय बोललो तेही सांगणार. पोरं वैतागतील, कुणीतरी म्हणेल, बाबा, उठा आता, पुरे.

सगळं सांगून होईपर्यंत मी उठणार नाही.