गेटसकट बाग

"निधी उना शे. जागा दखाडा."

निधी आलाय, जागा दाखवा. आप्पा असं म्हणायचे, एक डोळा मिटायचे आणि हाताचा पंजा समोर धरायचे. पंज्याआड जे झाकलं जाई ते त्यांच्या लेखी तिथून गेलेलंच असे. मग ते झाड असो, गोठा असो, नाहीतर वाळत घातलेली मिरची. आता ते नाहीत, म्हणून त्यांना गोड करून सांगणं मला जमणार नाही. मला ते आवडत नव्हते आणि त्यांना मी आवडत नव्हते. गावात हे सगळ्यांना माहीत होतं.

तापीकाठच्या आमच्या गावाच्या सरपंच आक्का, म्हणजे आप्पांची बायको. जागा महिलांसाठी राखीव झाली तेव्हा आप्पांनी त्यांना उभं केलं, निवडून आणलं आणि त्यांच्या खुर्चीत स्वतः बसले. आक्का शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, डोक्यावरचा पदर सारखा करत. त्या काही बोलल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. तुमच्याही गावात अशी एक खुर्ची असेल, तर तिच्या बाजूला कोण बसतं ते एकदा बघून घ्या.

आप्पांचा जीव फक्त एका प्रकारच्या निधीत होता. बाग, खुली व्यायामशाळा, घसरगुंडी, कमान, सेल्फी पॉइंट. शाळेचं छत गळतंय म्हटलं की त्यांचा चेहरा विझायचा, आणि जिल्ह्याला पर्यटनाचे पैसे आलेत म्हटलं की जेवणावरून उठायचे. मिरचीच्या खळ्यावर त्यांनी व्यायामाची यंत्रं बसवली. बायकांनी दुसऱ्याच दिवशी त्या दांड्यांवर ताडपत्र्या बांधून खालच्या सावलीत मिरची निवडायला घेतली. आप्पा मोटारसायकलवरून उतरून ओरडले, "आरं, हाई छाती रुंद कराना मशीन शे!" एक म्हातारी म्हणाली, "आमनी रुंदच शे, आप्पा. सावली कमी पडस." त्यांना हसता येत नसे. दुसऱ्या दिवशी तिच्या घरी पंचायतीची नोटीस गेली.

मी गावच्या हायस्कुलात खेळ शिकवते. नदीकाठी गावठाणाची एक मोकळी जागा होती, कडेनं कडुनिंब, मधे तुडवून तुडवून घट्ट झालेली माती. वसतिगृहातल्या पोरी तिथे धावायच्या. त्या वरच्या डोंगरातल्या, धडगावकडच्या. घरी पावरी बोलणाऱ्या, वर्गात गप्प, आणि मैदानावर सोडल्या की कुणाला न ऐकणाऱ्या. त्यांत रमिला नावाची एक होती. ती धावताना पाय वाजत नसत. गुरं वळणारे तिला बघायला थांबत, आणि गुरं तोवर कुणाच्या तरी कापसात शिरत.

एक दिवस मैदानाच्या कडेला आप्पा एक डोळा मिटून उभे दिसले.

ग्रामसभेत मी उभी राहिले. म्हटलं, निधी आलाय तर चांगलंच आहे. झाडं ठेवा, मातीचीच धावपट्टी नीट करून द्या, पोरींसाठी एक संडास बांधा. हीसुद्धा मैदानाची सोयच की.

"बाई, माती दखाडीसन निधी येत नही," आप्पा म्हणाले. "फोटोमा माती काय दिखी?"

"मग पोरींनी धावायचं कुठे?"

"पयतस ना त्या? रस्तावर पयतीन. निधी परत गया ते कोन लई येई, तुम्ही?"

'निधी परत जाईल' या शब्दांना आमचं गाव पुराच्या पाण्यापेक्षा जास्त घाबरतं. हात वर झाले. आक्कांचाही झाला, कारण आप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं.

परीक्षेच्या दिवसांत मी वर्गात पहारा करत होते आणि खिडकीतून करवतीचा आवाज येत होता. पेपर संपवून गेले तर निंबाचे बुंधे ट्रॉलीत होते. पावसाळा सरेपर्यंत तिथे रंगीत फरशीची पायवाट, सिमेंटचे बाक, सिमेंटचंच हरीण आणि भलंमोठं लोखंडी गेट उभं राहिलं. गेटावर पाटी लागली, 'आत खेळण्यास मनाई आहे'. आणि पाटीखाली कुलूप. सारंगखेड्याच्या यात्रेला मोठे पाहुणे घोडे बघायला येतात, त्यांच्याच हातून उद्घाटन करायचं म्हणून. तोवर कुणी आत जायचं नाही. एक वॉचमनही ठेवला, काठी देऊन. गावात चोरण्यासारखं काही नव्हतं, त्या हरणाला सोडून.

पोरी रस्त्यावर धावू लागल्या. दिवाळीनंतर त्या रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या निघतात. मी पुढे सायकलवर, पोरी मागे, एका ओळीत. तरी एका सकाळी वळणावर ट्रॉलीबाहेर लोंबणाऱ्या उसाच्या मोळीनं रमिलाला फटका दिला आणि ती खाली चारीत पडली. गुडघ्याखाली हाड मोडलं होतं. शहाद्याच्या दवाखान्यात ती रडली नाही. फक्त मला विचारलं, "मॅडम, जिल्ह्याला कोण पळणार आता?" चार-सहा दिवसांनी तिचे वडील आले. ते माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पोरीला उचललं, धडगावच्या गाडीत बसवलं आणि मला रामराम केला.

तिथून मी सरळ बागेकडे गेले. आप्पा गेटाला रंगाचा दुसरा हात मारून घेत होते. आक्काही होत्या, रंगाऱ्यांचा चहा घेऊन आलेल्या.

"कुलूप उघडा," मी म्हटलं.

"यात्रामा उघडसूत."

"आप्पा, पोरीचा पाय मोडला."

"मन्हा बागनी मोडा का? ट्रॉलीवालाले इचारा."

शाळेत मी पुस्तकी बोलते. भांडताना माझी अहिराणी बाहेर येते. "कोनासाठे बांधा व्हई हाऊ बाग?" मी ओरडले. "कोन बठनार शे त्या बाकडावर? हरीन?"

यावर आप्पा जे बोलले, ते त्यांनी कधी कुणाला सांगितलेलं नसावं, कारण आक्कासुद्धा कपबशी धरून तशाच थांबल्या.

"तरनाठा व्हतु, तवय सुरतमा बारदान उचलाना कामले व्हतु," ते म्हणाले. "एक सांजले बागमा बाकडावर बठनू. पाय दुखेत. आंगवर मळकं कापड. वाचमननी काठी मारी, सगळासमोर. म्हने, चल नीकळ. तवयच ठराई लिधं. मन्हा गावले असाच बाग व्हई. गेटसगट. वाचमनसगट."

क्षणभर मला तो काठी मारून बाकावरून उठवलेला हमाल पोरगा दिसला, आणि वाईटही वाटलं. पण दवाखान्यातून मी तशीच आले होते. रमिलाची एक चप्पल अजून माझ्या पिशवीत होती.

"तवय ते आप्पा," मी म्हटलं, "तुम्हले बाग नही आवडना. काठी आवडनी."

त्यांनी हात उगारला. रंगारी पुढे झाले. हात तसाच हवेत राहिला, मग खाली आला, आणि आप्पा कुणाकडे न बघता निघून गेले. त्याच आठवड्यात माझ्याविरुद्ध संस्थेकडे तक्रार गेली. ही बाई पोरींना परवानगी न घेता रस्त्यावर नेते, अपघात हिच्यामुळे झाला. खाली सही आक्कांची, आप्पांनी करून घेतलेली. मला लेखी खुलासा द्यावा लागला.

तक्रार गेली, आणि लगेच दुसऱ्या सकाळी आक्का वसतिगृहाच्या दारात आल्या. एकट्याच, चालत. पोरींना म्हणाल्या, चला. मी मागे गेले. गेटापाशी वॉचमन म्हणाला, आप्पांना विचारावं लागेल. आक्कांनी डोक्यावरचा पदर खोचून घेतला.

"सरपंच कोन शे?" त्यांनी विचारलं.

वॉचमनला या प्रश्नाचं उत्तर द्यायची कधी वेळ आली नव्हती. त्यानं किल्ली दिली. आक्कांनी कुलूप काढलं, पाटीच्या तारा पिळून ती खाली उतरवली आणि म्हणाल्या, "हुई गयं उद्घाटन. जा वं, खेया."

फरशीवर धावलं तर पोटऱ्या दुखतात. सावली नाही. पण रस्त्यापेक्षा बरं. पोरी अजून तिथेच धावतात, हरणाला वळसा घालून. रमिला परत आली नाही. मी दोनदा वर जाऊन आले. पाय किंचित वाकडा जुळलाय. ती शेतात काम करते आणि माझ्याशी हसून बोलते, धावण्याचं सोडून सगळं बोलते.

आप्पा त्यानंतर बागेत आले नाहीत. समोरून जाताना तोंड फिरवायचे. माझ्याशी तर बोललेच नाहीत, मीही बोलले नाही. ग्रामसभेत आता ते खाली सतरंजीवर बसत आणि खुर्चीत आक्का. नवा निधी कुणी सांगितला तरी त्यांचा डोळा मिटत नसे. गेल्या उन्हाळ्यात छातीत कळ आली आणि नंदुरबारला नेता नेता ते गेले.

मी दुखवट्याला दारावर गेले, ते आक्कांसाठी. बायका निघून गेल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं. आतून चहा आणला. भिंतीशी आप्पांचा फोटो होता, पांढऱ्या शर्टातला, न हसणारा. आम्ही दोघी त्याच्यासमोर बसलो.

"बाई," आक्का म्हणाल्या, "त्यासले माफ करं का तुम्ही?"

खोटं बोलायची ती जागा होती. मला ते जमलं नाही. "नाही, आक्का."

त्यांनी हातातली बशी खाली ठेवली.

"मी बी नही करं," त्या म्हणाल्या, आणि उठून फोटोवरचा तिरका झालेला हार सरळ केला.