वैनींच्या हातची गोळी

दस्तगीरभाई डोकं दुखायला लागलं की बसायचे नाहीत, चालायचे. माधवनगरच्या कापडगिरणीत ते मागावर कामाला होते. पाळी सुटली की आमच्या चाळीच्या ओट्यावर त्यांच्या येरझाऱ्या सुरू. डोक्याला बायकोची ओढणी आवळलेली आणि समोर येईल त्याला एकच प्रश्न, "तुमचं कशानं उतरतंय?"

लोक सांगत ती गोळी ते आणत. वाण्याकडची डोकेदुखीची गोळी त्यांची बायको अमिना अर्धीच घेई आणि घोरायला लागे. माझ्या नवऱ्याला एक पुरे. भाईंना मात्र दोन घेऊनही पोटात आग तेवढी व्हायची. "गोळी तीच, वाणी त्योच," ते करवादत, "मग डोसकंच माझं हरामी हाय, दुसरं काय?" एकदा डोकं उठलं म्हणून ते चालू माग सोडून बाहेर पडले, तेव्हा जॉबर मुकादमानं दम भरला होता, पुन्हा माग सोडलास तर कायमचा सोड. तेव्हापासून तर त्यांचा पाय कुठं ठरेचना.

एका संध्याकाळी अमिनाचे हात पिठात होते. "आक्का, तेवढी गोळी द्या की त्यास्नी," ती मला म्हणाली. मी गोळी दिली, आमच्याच तांब्यातलं पाणी दिलं. थोड्या वेळानं बघते तर भाई चक्क भिंतीला टेकून बसलेले.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या दारात हजर. "वैनी, तुमच्या हाताला गुण हाय."

"आवं, गोळी वाण्याची. हातात काय असतंय?"

"मग अमिनाच्या हातनं का उतरत न्हाई? सांगा."

"माझा हात काय नुसता भाकरी थापायलाच व्हय?" अमिना शेजारच्या त्यांच्या खोलीतून फणकारायची.

मी हसण्यावारी न्यायची. पण आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तरी कडेगावकडच्या माझ्या गावात माझ्या हातचं पाणी कुणी घेत नव्हतं. आणि इथं हा माणूस त्याच हातापुढं तळवा पसरून उभा! मला फार बरं वाटायचं. धाकधूकही व्हायची. एखाद्या दिवशी गुण आला नाही आणि भाईंचा माग गेला तर?

पुढं नवऱ्याला कोयनानगरला काम लागलं. निघायच्या दिवशी भाई गोळ्यांची पुडी घेऊन आले. "एकेक करून माझ्या हातावर ठेवा. मी बांधून ठेवतो." अमिनानं कपाळाला हात लावला. मी ठेवल्या.

वर्षभरानं माधवनगरला गेले, तर भाई ओट्यावर येरझाऱ्या घालत होते. मला बघताच आत जाऊन पुडी घेऊन आले. गोळ्या पिवळ्या पडल्या होत्या, पण एकही कमी नव्हती.

"का न्हाई घेतल्या?"

"खाल्ल्या तर संपतील की. डोसकं लय उठलं की पुडी चाचपतो. हायत म्हणल्यावर मागाम्होरं उभं ऱ्हायला येतंय. माग सुटला न्हाई अजून."

त्यातलीच एक काढून मी पुढं केली, तर त्यांनी ती झटकन पुडीत परत टाकली.

"ह्या ऱ्हाऊ द्या, वैनी. अमिना, वाण्याकडनं नवी आण. वैनी हायत तवर घेतो."

आणि त्यांनी तळवा पसरला.